काचेतला समुद्र : पोवळ्याला घरी आणण्याची तीनशे वर्षे

मराठीत पोवळे, संस्कृतात प्रवाळ, उर्दूत मूंगा, अरबीत मरजान. सूरह रहमानमध्ये मोत्यांच्या जोडीने मरजानचा उल्लेख येतो, हे आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणापासून ठाऊक असते. जुन्या मुफस्सिरांत मात्र मरजान म्हणजे नक्की काय, यावर एकमत नव्हते. काहींनी बारीक मोती असा अर्थ घेतला, काहींनी लाल पोवळे असा. यात नवल नाही. पोवळे हाताला दगडासारखे लागते, त्याला झाडासारख्या फांद्या असतात आणि ते सापडते समुद्रात. हा दगड, झाड की प्राणी, हे कोडे अठराव्या शतकापर्यंत जगातल्या मोठमोठ्या विद्वानांना सुटले नव्हते.

ते सुटले समुद्राच्या पाण्याने भरलेल्या भांड्यात. आज मुंबई-पुण्यातही काही हौशी लोक घरात खाऱ्या पाण्याची टाकी लावून तिच्यात प्रवाळ वाढवतात. नव्या माणसाच्या हातात दुकानदार यंत्रांची यादी देतो : दिवे, पंप, स्किमर, मिठाची पोती. या यादीतली प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी अपयशातून आलेली आहे. तो इतिहास माहीत असेल तर टाकीही नीट लागते आणि तिच्यातल्या जिवांची जबाबदारीही कळते.

तुर्की छावणीतला कैदी

सुरुवात लुइजी फेर्दिनांदो मार्सिली या इटालियन माणसापासून करावी लागते. तो बोलोन्याचा सरदार, लष्करी इंजिनिअर. 1683 साली उस्मानी फौजा व्हिएन्नावर चालून गेल्या तेव्हा तो तातारांच्या हाती सापडला आणि गुलाम म्हणून विकला गेला. व्हिएन्नाच्या वेढ्यात त्याने तुर्की छावणीतल्या कॉफीच्या दुकानात काम केले. पुढच्या वर्षी खंडणी भरून तो सुटला. सुटल्यावर त्याने कॉफीवर एक पुस्तिका लिहिली आणि उस्मानी लष्करावरही ग्रंथ लिहिला. कैदेतही शिकत राहणारा हा माणूस होता.

नंतर तो दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर राहायला गेला. तिथे मासेमार भूमध्य समुद्रातून लाल पोवळे काढत. 1706 साली मार्सिलीने नुकत्याच काढलेल्या पोवळ्याच्या फांद्या समुद्राच्या पाण्याने भरलेल्या काचेच्या भांड्यांत ठेवल्या. काही वेळाने फांद्यांवर आठ पाकळ्यांची पांढरी फुले उमलली. फांदी पाण्याबाहेर काढली की ती मिटत, परत पाण्यात ठेवली की उमलत. त्याने निष्कर्ष काढला की पोवळे ही वनस्पती आहे. निष्कर्ष चुकला, पण पद्धत बरोबर होती : जीव जिथे राहतो तिथले पाणी त्याच्यासोबत घेऊन या, आणि मग थांबून पाहा.

हेच भूमध्य समुद्रातले लाल पोवळे आपल्या अंगठ्यांत मंगळासाठी बसवतात. ते आपल्या किनाऱ्यावर होत नाही. सतराव्या-अठराव्या शतकात इटलीतल्या लिव्होर्नो बंदरातले ज्यू व्यापारी ते गोव्याला पाठवत आणि बदल्यात हिंदुस्थानचे हिरे नेत. म्हणजे मार्सिली ज्या फांद्यांची फुले पाहत होता, त्यांच्या भाईबंदांचे मणी आपल्याकडच्या गळ्यांत होते. पण ते मेलेले पोवळे. जिवंत पोवळे कसे दिसते, हे ते घालणाऱ्यांपैकी कोणालाच माहीत नव्हते.

नाव गाळलेला डॉक्टर

मार्सेयचा डॉक्टर झाँ-आंद्रे पेसोनेल 1720च्या दशकात उत्तर आफ्रिकेच्या, म्हणजे आजच्या ट्युनिशिया-अल्जीरियाच्या किनाऱ्यावर गेला. त्यानेही पोवळे समुद्राच्या पाण्यात ठेवून पाहिले. त्याच्या लक्षात आले की ही 'फुले' स्पर्श केल्यावर आकसतात. ती फुले नव्हतीच, ते बारीक प्राणी होते. पोवळ्याचा दगड हे त्यांचे घर.

त्याने हे पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवले. तिथले ज्येष्ठ सभासद रेओम्यूर यांना ही कल्पना इतकी हास्यास्पद वाटली की त्यांनी ती मांडताना पेसोनेलचे नावच घेतले नाही. त्याची अब्रू वाचावी, हा त्यामागचा हेतू म्हणे. 1740च्या दशकात गोड्या पाण्यातल्या हायड्रा या प्राण्यावर अब्राहम त्रांब्ले यांचे प्रयोग झाले, तेव्हा रेओम्यूरना आपले मत बदलावे लागले. पेसोनेलचे काम पुढे लंडनच्या रॉयल सोसायटीत वाचले गेले.

खिडकीजवळची मोलकरीण

भांड्यात पोवळे काही तास जगले तर निरीक्षण होते, वर्षभर जगले तर टाकी होते. हा पुढचा टप्पा प्रामुख्याने स्त्रियांनी गाठला. सिसिलीतल्या मेसिना शहरात झान व्हिलप्रू-पॉवर हिने 1832च्या सुमारास आर्गोनॉट या अष्टपादासारख्या प्राण्याचा अभ्यास करण्यासाठी काचेच्या टाक्या बनवल्या. ती मूळची शिंपीकाम करणारी, चांभाराची मुलगी. आर्गोनॉट आपला शंख स्वतः बनवतो, दुसऱ्याचा बळकावत नाही, हे तिने त्या टाक्यांत पाहून सिद्ध केले.

1846 साली अ‍ॅना थिन ही बाई इंग्लंडमधल्या टॉर्कीच्या किनाऱ्यावर सुट्टीला गेली होती. तिने तिथले लहान दगडी प्रवाळ जमवले, सुईदोऱ्याने स्पंजाला शिवून बसवले आणि बरणीतून लंडनला आणले. तिचा नवरा वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतला पाद्री होता. लंडनमध्ये समुद्र नाही, पाणी मर्यादित. मग त्यात हवा कशी मिसळायची? रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीशी उभे राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतले जाई. हे काम तिची मोलकरीण करी. पुढच्या वर्षी थिनने पाण्यात समुद्री शेवाळ घातले आणि प्राणी व वनस्पती एकमेकांना जगवतात हे तिला दिसले. तिचे प्रवाळ जवळजवळ तीन वर्षे जगले.

आज टाकीत जो पंप पाणी घुसळतो तो त्या मोलकरणीच्या हातांचे काम करतो. तिचे नाव या इतिहासात आलेले नाही. पोवळ्यासाठी समुद्रात उतरणाऱ्यांचीही नावे नाहीत.

वेड आणि उजाड किनारे

1850 साली लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी टाकीचे शास्त्र मांडले. त्यांनी गोल्डफिश आणि पाणवनस्पती एकत्र ठेवल्या, पण कुजलेल्या पानांनी पाणी बिघडू लागले. मग त्यांनी कुजके खाणाऱ्या गोगलगायी सोडल्या आणि तोल साधला. कचरा साफ करणारा जीव नसेल तर टाकी चालत नाही, हा धडा तेव्हापासूनचा. काही काळाने त्यांनी समुद्राच्या पाण्यावरही हाच प्रयोग केला.

1853 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्यामागे फिलिप हेन्री गॉस हा निसर्ग-अभ्यासक होता. 1854 साली त्याचे 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आले आणि तो शब्द घरोघरी गेला. मिठे मिसळून कृत्रिम समुद्राचे पाणी कसे बनवायचे, हेही त्याने प्रसिद्ध केले. काचेवरचा कर 1845 साली उठल्याने काच स्वस्त झाली होती आणि रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोहोचली होती. इंग्लंडला अ‍ॅक्वेरियमचे वेड लागले.

लोक टोपल्या, हातोड्या घेऊन किनाऱ्यावर उतरले. खडकांतल्या डबक्यांमधून जे दिसेल ते उचलून नेले. बहुतेक जीव घरी नेल्यावर मेले, कारण टाकीचे शास्त्र अजून कोणालाच पुरते येत नव्हते. गॉसच्या मुलाने 1907 साली लिहिलेल्या आठवणींत, वडिलांनी ज्या डबक्यांचे वर्णन केले ती त्या पुस्तकांच्या वाचकांनीच उजाड केली, अशी खंत आहे. गॉस स्वतः अत्यंत धार्मिक होता. ही डबकी त्याला निर्मात्याची निशाणी वाटत. त्या निशाणीची त्याने केलेली स्तुती वाचूनच लोक तिच्यावर तुटून पडले.

न दिसणारे कामगार

पुढचा प्रश्न पाण्याचा होता. 1871 साली उघडलेल्या क्रिस्टल पॅलेसच्या मत्स्यालयात विल्यम अल्फर्ड लॉइड याने टाक्यांखाली मोठा अंधारा हौद बांधला आणि पाणी सतत वर-खाली फिरवले. लोकांना दिसणाऱ्या टाकीपेक्षा न दिसणारे पाणी कितीतरी जास्त होते, म्हणून ते लवकर बिघडत नसे. आज प्रवाळाच्या टाकीखाली कपाटात दडवलेली दुसरी टाकी असते, ती याच विचारातली.

1890च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ विनोग्राद्स्की यांनी अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू वेगळे करून दाखवले. माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया विषारी असतो. तो पचवणारे हे जिवाणू खडकावर, वाळूत वस्ती करतात. त्या वस्तीला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या दिवशी पाणी भरून दुसऱ्या दिवशी मासे सोडणाऱ्याचे मासे का मरतात, याचे उत्तर इथे आहे.

तरीही उष्ण समुद्रातले, खडक बांधणारे प्रवाळ टाकीत जगत नव्हते. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. मंद दिव्याखाली हे प्रवाळ उपाशी मरत. मार्सिलीच्या लाल पोवळ्यात हे शैवाल नसते, थिनचे प्रवाळही थंड समुद्रातले होते, म्हणून त्यांचे उजेडावाचून भागले.

तोडगा युरोपातून आला नाही. जकार्तामधल्या ली चिन एंग या हौशी माणसाने 1961 साली एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत सांगितली. त्याच्या टाकीत समुद्रातले जिवंत खडक होते, स्वच्छ समुद्राचे पाणी होते, भरपूर उजेड होता आणि हवेचे थोडे बुडबुडे. गाळणीयंत्र नव्हते. खडकावरचे असंख्य जीवच गाळणीचे काम करत. ज्याच्या दाराशी समुद्र आणि ऊन दोन्ही होते, त्याला हे आधी दिसले.

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनी मग त्याची नक्कल उभी केली. जर्मन हौशी लोकांनी 1970-80च्या दशकांत तीन गोष्टी जोडल्या. सूर्याऐवजी प्रखर दिवे आले. बारीक बुडबुड्यांच्या फेसातून घाण बाहेर काढणारा स्किमर आला. आणि उडून गेलेल्या पाण्याच्या जागी चुन्याची निवळी घालण्याची रीत आली, कारण प्रवाळाला सांगाड्यासाठी कॅल्शियम लागते. पानाच्या डब्यातला चुना पाहिलेल्या आपल्या लोकांना ही निवळी परकी वाटू नये. बर्लिनच्या डीट्रिख श्ट्यूबर याच्या टाकीत अ‍ॅक्रोपोरा जातीचे प्रवाळ इतके वाढले की तो त्याचे तुकडे इतरांना देऊ लागला. तुकडा खडकाला चिकटवला की त्याची नवी वसाहत होते. समुद्रातून न काढता प्रवाळ मिळू शकते, ही या इतिहासातली मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

पहिली टाकी लावणाऱ्यासाठी

या सगळ्यातून निघणारे नियम साधे आहेत. टाकी शक्य तितकी मोठी घ्यावी, कारण जास्त पाणी हळू बिघडते. खारटपणा दर किलो पाण्यामागे 35 ग्रॅमच्या आसपास ठेवावा. पाणी उडाले तर गोडे, शुद्ध पाणी घालावे. उडते ते पाणी, मीठ मागे राहते, हे कोकणातले मिठागर पाहिलेल्याला सांगायला नको. तापमान 25-26 अंश असावे. युरोपात टाकी गरम करावी लागते, आपल्याकडे मे महिन्यात ती थंड कशी ठेवायची हा प्रश्न असतो. आणि पहिले काही आठवडे टाकीत फक्त खडक, वाळू आणि सब्र असावा.

याहून मोठा नियम कायद्याचा आहे. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे हे 2001 सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे आपल्या समुद्रातून ते काढणे आणि विकणे गुन्हा आहे. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 सालचे. तिथल्या खडकांवर प्रवाळ आहे, पण ते मूठभर क्षेत्रात. 1998 साली समुद्र तापला तेव्हा लक्षद्वीपच्या प्रवाळाची मोठी हानी झाली. शैवाल सोडून गेले की प्रवाळ पांढरे पडते आणि उपासमारीने मरते. इंग्लंडच्या डबक्यांसारखी अवस्था करायला आता हातोडाही लागत नाही.

ज्याला नुसते पाहायचे आहे, त्याला टाकी लावलीच पाहिजे असे नाही. मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयाचे 1951 साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उद्घाटन झाले आणि मुंबईच्या कितीतरी शाळकरी पोरांनी समुद्राचे पोट पहिल्यांदा तिथल्या काचेतून पाहिले. एक चांगले सार्वजनिक मत्स्यालय हजार घरांतली हौस भागवू शकते.

आपल्या दीनमध्ये माणसाला जमिनीवरचा खलीफा म्हटले आहे, मालक नाही. सृष्टी ही अमानत आहे, आणि ज्याच्याकडे अमानत ठेवली त्याला हिशेब द्यावा लागतो. बांधून ठेवलेल्या, उपाशी मेलेल्या मांजरीमुळे एका बाईला शिक्षा झाल्याची हदीस आपण मुलांना सांगतो. काचेत बंद केलेला जीवही त्याच हिशेबात येतो. म्हणून टाकीसाठी प्रवाळ घ्यायला गेलात तर भाव विचारण्याआधी दुकानदाराला दोन गोष्टी विचारा : हे समुद्रातून काढलेले आहे की टाकीत वाढवलेले, आणि त्याचे कागद कुठे आहेत. उत्तर देताना तो अडखळला, तर रिकाम्या हाताने परत या.