मिक्सरचे आजोळ

सभामंडपाच्या मागील बाजूस एका मेजापाशी बसून कोणीतरी बटणे फिरवीत असतो. गाणे रंगले तर त्याची आठवण कोणास होत नाही. कर्ण्यातून शिटी निघाली की मात्र सारा मंडप त्याच्याकडे वळून पाहतो. त्या मेजावरील यंत्र म्हणजे मिक्सर. अनेक मायक्रोफोनांचे व वाद्यांचे आवाज त्यात येऊन मिळतात आणि ठरवून दिलेल्या प्रमाणात एकत्र होऊन बाहेर पडतात. दिल्लीतील एका महाराष्ट्रीय गणेशोत्सवात हे आसन काही वर्षे आमच्याकडे आहे. दिवसभर कचेरीत टाचणाने कागद जोडणाराने सायंकाळी तारा जोडाव्यात, यात नवल ते काय! परंतु या तारांना त्यांचा इतिहास आहे, आणि तो ठाऊक नसल्याने आमच्या हातून एक अपराध घडला.

मिक्सरचे आजोळ टेलिफोनच्या घरी आहे. १८७८ च्या जानेवारीत अमेरिकेतील न्यू हेवन येथे पहिले व्यापारी टेलिफोन एक्स्चेंज उघडले, तेव्हा त्याचे ग्राहक अवघे २१ होते. ग्राहक वाढले तशी एकाची तार दुसऱ्याच्या तारेशी क्षणात जोडण्याची आणि तितक्याच लवकर सोडविण्याची सोय हवीशी झाली. त्यातून पाव इंच जाडीची ती खुंटी जन्मास आली. फळीवरील भोकात ती खुपसली की दोन माणसे बोलू लागत. आज गिटारच्या किंवा की-बोर्डच्या तारेला असते ती, मंडपवाले जिला पी-३८ म्हणतात ती पिन, तिचीच वंशज होय.

दुसरा वारसा याहून मोलाचा. आरंभी टेलिफोनला एकच तार असे व परतीचा मार्ग जमिनीतून असे. शहरांत विजेच्या ट्राम धावू लागल्या, दिव्यांच्या तारा आल्या, आणि बोलण्यात गुरगुर मिसळू लागली. एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांचे पेटंट बेलने १८८१ मध्येच घेतले होते. तोच उपाय पुढे सर्वत्र आला. दोन्ही तारांवर बाहेरचा गोंगाट सारखाच पडतो. आवाज मात्र एकीवर सुलट व दुसरीवर उलट जातो. पलीकडच्या टोकास दोहोंतील फरक तेवढा घ्यावयाचा, म्हणजे सारखे असते ते उडून जाते व आवाज शिल्लक राहतो. मायक्रोफोनच्या तारेस तीन काटे असतात ते याचसाठी: दोन या जोडीचे, तिसरा वरच्या जाळीचा. १९६६ पासून त्याच दोन तारांवरून काही मायक्रोफोनांना ४८ व्होल्टचा खुराकही पोचविला जातो. हा आकडा जर्मनीतील नॉयमान कंपनीने नॉर्वेच्या नभोवाणीसाठी धरला, कारण तेथील स्टुडिओत संकटकाळच्या दिव्यांसाठी तेवढ्याच दाबाची वीज होती!

टेलिफोनच्या तारांवरून संगीत जाऊ लागले त्या काळातील एक प्रसंग आम्हांस फार आवडतो. २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियाचा वाद्यवृंद आपल्याच गावातील अकादमी ऑफ म्युझिकमध्ये वाजवीत होता; श्रोते मात्र सुमारे १४० मैलांवर, वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये बसले होते. वादकांपुढे डावा, मधला व उजवा असे तीन मायक्रोफोन, त्यांचे तीन निरनिराळे मार्ग, आणि वॉशिंग्टनच्या रिकाम्या रंगमंचावर तीन ध्वनिवर्धक. वृंदाचा नायक लिओपोल्ड स्टोकोव्स्की वादकांपाशी नव्हताच. तेथे छडी अलेक्झांडर स्मॉलेन्सच्या हाती होती. स्टोकोव्स्की वॉशिंग्टनात, श्रोत्यांबरोबर, बटणांपाशी बसला होता. हा मनुष्य मिरविण्याचा शौकीन होता, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. असेल. पण छडीपेक्षा बटण आता वरचढ ठरणार, हे त्याने ओळखले होते. बालगंधर्वांच्या ऐन उमेदीच्या दिवसांत नाट्यगृहात मायक्रोफोन नव्हता. आवाजाचा तोल गाणाराच्याच गळ्यात होता. तारा आल्या आणि तो तोल परक्या हातात गेला. तो हात कोणाचा, हा प्रश्न त्या रात्री स्टोकोव्स्कीने आपल्यापुरता सोडविला.

विजेची वाद्ये आली तेव्हा एक अडचण उभी राहिली. त्यांची पी-३८ ची तार जोडीची नव्हे, एकेरी. लांब नेली की ती वाटेतला गोंगाट गोळा करते. यावर तोड म्हणून १९६० नंतरच्या दशकात स्टुडिओंतून एक लहान पेटी वापरात आली. तिच्यातील ट्रान्सफॉर्मर वाद्याची एकेरी तार घेऊन मायक्रोफोनसारखी दुहेरी जोडी पुढे देतो. तिला डी. आय. पेटी म्हणतात. आमच्याजवळ ती नव्हती, आणि ती का हवी हेही आम्हांस ठाऊक नव्हते.

त्या वर्षी आमच्या मंडळातील एक वयोवृद्ध निवृत्त गृहस्थ गावयास बसले. त्यांचा षड्ज पांढरी एक. साथीस विजेचा तंबोरा, आणि त्याची साठ-सत्तर फुटांची एकेरी तार आम्ही दिव्यांच्या तारेशेजारून आणलेली. घरगुती विजेच्या गुरगुरीत सेकंदाला १०० कंपने असलेला एक स्वर ठळक असतो. पांढरी एकच्या तंबोऱ्याचा पंचम असतो ९८ कंपनांचा. हे दोन स्वर एकत्र येताच पंचम डुलू लागला. अण्णांनी तंबोरा पुन्हा पुन्हा जुळविला. मग कपाळास आठी घालून तो बंदच करविला आणि तसेच गाइले. परंतु मन विस्कटले होते. “आता वय झाले त्यांचे,” असे मंडपात लोक कुजबुजले, आणि आम्ही ते ऐकून गप्प राहिलो.

कारण कळल्यावर आम्ही त्यांच्या घरी जाऊन सारे सांगितले. ते हसले. “कान गेला की काय, या विचाराने मी महिनाभर झोपलो नाही हो,” एवढेच म्हणाले.

पुढील वर्षी खजिनदारांशी भांडून आम्ही ती पेटी आणविली. तंबोरा स्वच्छ वाजू लागला. अण्णा मात्र गावयास बसले नाहीत. पहिल्या रांगेतील खुर्ची उचलून ते मागे आमच्या मेजापाशी आले आणि तरुण गायकाचा खयाल सुरू होताच डोळे मिटून म्हणाले, “तबला जरा खाली घ्या.”