पांढऱ्या फॉस्फरसचे सक्रियण

पांढऱ्या फॉस्फरसचे सक्रियण म्हणजे या मूलद्रव्याच्या चार अणूंच्या रेणूतील (पी४) बंध धातूंच्या किंवा मुख्य गटातील मूलद्रव्यांच्या जटिल संयुगांच्या साहाय्याने नियंत्रितपणे तोडण्याची प्रक्रिया होय.

संरचना
पी४ रेणू चतुष्फलकाकृती असून त्यातील बंधकोन ६०° असतात. त्यामुळे रेणूवर ताण असतो व तो अतिशय क्रियाशील बनतो. पांढरा फॉस्फरस हवेत सुमारे ३०° से. तापमानाला पेट घेतो. म्हणून तो पाण्याखाली साठवतात.

पार्श्वभूमी
काड्यापेट्यांच्या कारखान्यांत पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेमुळे कामगारांच्या जबड्याचे हाड कुजत असे. भारतात १९१३ च्या कायद्याने अशा काड्यांवर बंदी आली. अंबरनाथ येथील वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीच्या (विमको) कारखान्यात तयार होणाऱ्या सुरक्षित काड्यापेट्यांच्या घासपट्टीत तुलनेने निरुपद्रवी असा तांबडा फॉस्फरस असे. तथापि, रासायनिक उद्योगाचा कच्चा माल म्हणून पांढऱ्या फॉस्फरसचे महत्त्व कायम राहिले. कार्बनी फॉस्फरस संयुगांसाठी त्याची प्रथम क्लोरीनशी विक्रिया करून फॉस्फरस ट्रायक्लोराइड बनवतात. हे संयुग विषारी व दाहक आहे. पुढील टप्प्यांत क्लोरीन आम्ल किंवा क्षार यांच्या रूपाने टाकाऊ ठरतो.

धातूंची संयुगे
१९७१ मध्ये गिन्सबर्ग व लिंडसेल यांनी पी४ रेणू जोडलेले ऱ्होडियमचे संयुग तयार केले. १९८७ मध्ये शेरर यांनी फॉस्फरसच्या पाच अणूंचे कडे असलेले लोहाचे संयुग मिळवले. १९९५ मध्ये कमिन्स व सहकाऱ्यांनी मॉलिब्डेनमच्या संयुगाने पी४ फोडला. त्यातून धातू व एकाकी फॉस्फरस अणू यांच्यात त्रिबंध असलेले संयुग मिळाले.

मुख्य गटातील मूलद्रव्ये
ॲल्युमिनियम व सिलिकॉन यांची निम्न संयुजा असलेली संयुगे पी४च्या कडेतील बंधात शिरतात. २००७ मध्ये बर्ट्रांड यांच्या गटाने केवळ कार्बीन वापरून, म्हणजे धातूविना, हे सक्रियण साधले.

महत्त्व
बहुतेक विक्रियांत धातूचे संयुग एकदाच उपयोगी पडते. फॉस्फरसशी झालेला त्याचा बंध मजबूत असल्याने ते पुन्हा मोकळे करणे अवघड असते. उत्प्रेरकी चक्र पूर्ण करणे हे म्हणूनच या क्षेत्रातील मुख्य आव्हान आहे. २०१९ मध्ये जर्मनीतील वोल्फ यांच्या गटाने निळा प्रकाश व इरिडियमचा उत्प्रेरक वापरून पी४पासून थेट अरिलफॉस्फिने तयार केली.

हेही पाहा
फॉस्फरस • काड्यापेटी • उत्प्रेरण