आई-वडिलांच्या उंचीवरून मुलाची उंची किती होईल?

"डॉक्टर, हा पोलीस भरतीत बसेल का?" दहा-अकरा वर्षांच्या मुलाला पुढे करून पालक हा प्रश्न विचारतात. प्रश्न रास्त आहे. राज्याच्या पोलीस शिपाई भरतीत मुलांना किमान १६५ आणि मुलींना १५५ सेंमी उंची लागते, आणि गावाकडे अनेक घरांची आशा या आकड्यावर टांगलेली असते.

अंदाजाचे सूत्र सोपे आहे. आई आणि वडील यांच्या उंचीची बेरीज करून निम्मी करा. मुलगा असेल तर त्यात ६.५ सेंमी मिळवा, मुलगी असेल तर ६.५ वजा करा. समजा, तेरखेड्यातल्या एका घरात वडील १६५ सेंमी आणि आई १५० सेंमी आहे. निम्मी बेरीज १५७.५. म्हणजे मुलगा १६४ आणि मुलगी १५१ सेंमी.

भरतीला एक सेंटिमीटर कमी पडला म्हणून लगेच निराश होऊ नका. हा आकडा म्हणजे एका पट्ट्याचा मध्य आहे. दोन्ही बाजूंना साधारण ८ सेंमी धरायचे असतात, म्हणजे हा मुलगा १५६ ते १७२ मध्ये कुठेही थांबू शकतो. सख्ख्या भावांमध्ये चार बोटांचा फरक असतो, तो यामुळेच.

सूत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: आई-वडील स्वतः पूर्ण वाढले आहेत. मराठवाड्यात हे नेहमी खरे नसते. ज्यांचे बालपण १९७२ च्या दुष्काळासारख्या काळात गेले, किंवा ज्यांची लहानपणी आजारपणे आणि अर्धपोटी वर्षे गेली, त्यांची उंची अंगभूत क्षमतेपेक्षा कमी राहिलेली असू शकते. अशा घरातील नीट खाणारे मूल सूत्राच्या पुढे जाते. उलट, "आम्ही दोघेही बुटके, म्हणून तोही बुटका" हे वाक्य मला जास्त धोक्याचे वाटते. त्या आडोशाला कधी कधी खरा आजार वर्षानुवर्षे लपून राहतो.

म्हणून सूत्रापेक्षा वाढीचा वेग पाहा. पहिल्या वर्षी बाळ सुमारे २५ सेंमी वाढते, दुसऱ्या वर्षी १२ च्या आसपास. चार वर्षांनंतर, वयात येईपर्यंत, वर्षाला साधारण ५ ते ६ सेंमी वाढ हवी. ती ४ च्या खाली गेली, मूल आधी ज्या रेषेवर होते तिच्याखाली घसरत गेले किंवा आई-वडिलांच्या पट्ट्याच्या बरेच खाली राहिले, तर दाखवा. बालरोगतज्ज्ञ भारतीय बालरोग संघटनेचे २०१५ चे आलेख वापरतात. ते तयार करण्यात पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. ५ ते १८ वयाच्या भारतीय मुलांसाठी हेच आलेख पाहावेत.

वाढ रोखणारी कारणे बरीच आहेत: थायरॉइडची कमतरता, मूत्रपिंडाचा आजार, गहू न मानवणारा सीलिॲक आजार, वाढीच्या संप्रेरकाची कमतरता, मुलींमध्ये टर्नर सिंड्रोम. यांतल्या अनेकांवर उपचार आहेत, पण हाडांच्या टोकांशी असलेल्या ग्रोथ प्लेट जुळण्याआधी. मुलींकडे वेळ कमी असतो. पहिली पाळी आल्यानंतर उंची साधारण ५ ते ७ सेंमीच वाढते. मुलग्यांची वाढ उशिरापर्यंत चालते, आणि काही मुले मुळातच उशिरा वाढतात. वडील दहावीनंतर झपाट्याने उंच झाले होते का, हे आवर्जून विचारा. डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचे वय कळते, आणि अजून किती वाढ शिल्लक आहे याचा अंदाज बांधता येतो.

लटकण्याचे व्यायाम आणि उंची वाढवणाऱ्या पावडरींनी या ग्रोथ प्लेट उघडत नाहीत. ते पैसे डाळ, अंडी, दूध आणि शेंगदाण्यांवर घालवा.

मोजताना चपला काढून टाचा, पार्श्वभाग आणि डोके भिंतीला टेकवा, डोक्यावर चपटी पाटी आडवी धरून खूण करा. दर सहा महिन्यांनी, त्याच भिंतीवर, शक्यतो सकाळी. तपासणीला येताना ही नोंद, अंगणवाडीचे कार्ड आणि शाळेच्या आरोग्य तपासणीची नोंद आणा. आणि स्वतःची उंची अंदाजाने सांगू नका; वडिलांनी सांगितलेली उंची मोजल्यावर बहुतेक वेळा दोन सेंटिमीटरने कमी भरते.