शिरगणतीच्या वहीत आपण कुठे?



पाहुण्यानं विचारलं, "तुमचं गाव केवढं?" की आपण सांगतो, "पाचशे उंबऱ्याचं." उंबरे मोजतो आपण. उंबऱ्याच्या आत कोण राबतं, ते राहूनच जातं. आज आपण गाव मोजण्याची गोष्ट ऐकू.

आपल्या पणजीच्या काळी गाव ओळखलं जायचं ते वतनावरून आणि बलुत्यावरून. पाटील, कुलकर्णी, सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, चांभार, महार, मांग. ज्याचं त्याचं काम ठरलेलं. घराची जागाही ठरलेली, कुणी गावात तर कुणी वेशीबाहेर. सुगीत खळ्यावर धान्य मिळायचं, तेच बलुतं. दप्तरात नाव बहुतेक पुरुषाचंच. पण कुंभाराची माती मळायला कुंभारीण होती, परटाची धुणी वाहायला परटीण होती आणि अडलेल्या बाईला सोडवायला सुईण होती.

१९१८ साली राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले. गावचं दप्तर एका घराच्या ताब्यातून सुटलं. बाईचे कष्ट मात्र त्यात तेव्हाही आले नाहीत.

सगळ्या देशाची एकाच वेळी शिरगणती सुरू झाली १८८१ साली. तेव्हापासून दर दहा वर्षांनी ती होत आली. २०२१ ची तेवढी लांबली. कामाच्या प्रश्नात शेतातलं बिनमजुरीचं कामही धरायचं, असं स्पष्ट लिहिलं गेलं ते १९९१ साली. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं गेली.

आता आपल्या जिल्ह्याचे आकडे बघा. २०११ साली कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार होती. त्यातली दोन तृतीयांश माणसं खेड्यांत. सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं मुली किती? २००१ साली ८३९ आणि २०११ साली ८६३. निसर्गाच्या हिशेबानं त्या साडेनऊशेच्या आसपास हव्यात. ऊस आहे, दूध आहे, दारात गाडी आहे, आणि लेकी कमी! यातल्या कितीतरी जणींना आपण जन्मालाच येऊ दिलं नाही. दुष्काळानं हे केलं नाही, आपल्याच घरांत हे ठरलं. सासूच्या, नवऱ्याच्या धाकानं आपणही गप्प बसलो. शिरगणती झाली नसती, तर हे झाकूनच राहिलं असतं.

आता पुढची शिरगणती २०२७ ची आहे. १९३१ नंतर पहिल्यांदाच तीत सगळ्यांची जात नोंदवली जाणार आहे. गावात कोण किती आणि कुणाच्या वाट्याला काय, हे त्यातून कळेल.

आमच्या गटात आम्ही एकमेकींना विचारून पाहिलं, "तू काय काम करतेस?" बहुतेक जणी म्हणाल्या, "काही नाही, घरीच असते." पहाटे धार काढून, डेअरीला दूध घालून, दिवसभर भांगलण करून आलेल्या बाया त्या!

म्हणून एवढंच करू. मोजणीला मास्तर किंवा बाई दारात आल्या, की चहा ठेवायला आत पळायचं नाही. तिथंच बसायचं. आपलं काम आपल्या तोंडानं सांगायचं. वर्षातले सहा महिने किंवा जास्त राबत असू, तर तेही सांगायचं. आणि घरातल्या तान्ह्या लेकीचं नाव आधी लिहून घ्यायला लावायचं.