खो देताना पाठीवर हात ठेवावा लागतो

माझी आत्या 1933 सालची. राष्ट्र सेवा दलाचं नाव निघालं की तिच्या तोंडी आधी खो-खो यायचा. स्वातंत्र्य, समाजवाद, साने गुरुजी हे सगळं त्याच्या मागून. कृष्णाकाठच्या आमच्या गावात 1946 साली मारुतीच्या देवळामागच्या पटांगणात रोज संध्याकाळी शाखा लागायची आणि तिथे मुलीही मुलांच्या बरोबरीनं यायच्या. आत्या पहिल्यांदा गेली तेव्हा आजोबांनी तिच्याशी आठवडाभर अबोला धरला. आजी काही बोलली नाही. दिवेलागणीला पोर परत आली की तिच्यापुढे भाकरी सरकवायची, एवढंच. "अगं, देशासाठी म्हणून कोण जात होतं?" आत्या मला सांगायची. "खेळायला मिळतं म्हणून गेलो. देश मागाहून आला."

पुढे मी कॉलेजात शिकवायला लागले, राष्ट्रीय सेवा योजनेचं काम अंगावर आलं, आणि तरुण पोरांना सेवेकडे कसं वळवावं यावरची बरीच भाषणं ऐकली. आत्याच्या त्या दोन वाक्यांइतकं नेमकं मला कुणी सांगितलं नाही.

सेवा दलाची मुळं जुनी. डॉ. ना. सु. हर्डीकरांनी 1923च्या काकीनाडा काँग्रेसच्या वेळी हिंदुस्थानी सेवा दल उभारलं. आत्याला ठाऊक असलेलं राष्ट्र सेवा दल मात्र 4 जून 1941 रोजी पुण्यात नव्यानं उभं राहिलं, एस. एम. जोशी त्याचे दलप्रमुख झाले. धर्माच्या नावावर तरुणांना वेगवेगळं उभं करणाऱ्या संघटना जोर धरत होत्या, आणि सर्व जातीधर्मांच्या मुलामुलींनी रोज एका मैदानावर यावं हा सेवा दलाचा आग्रह होता. पुढच्या वर्षी चले जाव सुरू झालं. साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, शाखांमधली थोरली पोरं भूमिगतांचे निरोप पोहोचवू लागली. आमच्या घरी ते दिवस माझे थोरले काका सांगायचे, पण ते फार थोडं सांगत. रात्री नदी ओलांडून चिठ्ठी पोहोचवली, एवढं म्हणून ते गप्प व्हायचे.

आत्या मात्र भरभरून सांगायची. शाखेत आधी कवायत, मग खेळ, मग समूहगीत, शेवटी एखादी गोष्ट किंवा बौद्धिक. तासाभरात सगळं. शाखानायक सतरा वर्षांचा, म्हणजे आत्यापेक्षा जेमतेम चार वर्षांनी मोठा. मोठी माणसं महिन्यातून कधीतरी डोकावून जायची. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली चार मुलंही यायची. पहिल्या दिवशी खो-खोची पाटी बसली आणि कुणी कुणाशेजारी बसायचं यावर सगळेच अडखळले. शाखानायकानं एकाआड एक बसवलं आणि खेळ सुरू केला. "खो देताना पाठीवर हात ठेवावा लागतो ना," आत्या म्हणायची, "तिथंच आमची शिवाशिव संपली. घरातली संपायला पुढं वीस वर्षं गेली."

सेवा दलाबद्दल मी पुष्कळ वाचलं आहे, चांगल्या माणसांनी लिहिलेलं. तरी त्या संघटनेनं काय केलं असं कुणी विचारलं, तर मी ही खो-खोची पाटीच सांगते.

1947 उजाडलं तसे साने गुरुजी पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून महाराष्ट्रभर फिरू लागले. सेवा दलाचं कलापथक सोबत होतं. गावोगाव सभा होत, गाणी होत, आणि गुरुजी लोकांना आपापल्या गावची देवळं नि विहिरी खुल्या करायला सांगत. आमच्या शाखेतली मुलं त्या दिवसांत घरोघर फिरली. आत्याला दोन दारांतून हाकललं, एका दारात तिच्या सख्ख्या मावशीनंच. 1 मेला गुरुजींनी पंढरपुरात उपोषण सुरू केलं. रोज संध्याकाळी शाखा संपली की मुलं तालुक्याहून येणाऱ्या वर्तमानपत्राची वाट बघत बसायची. 10 मेला उपोषण सुटल्याची बातमी दुसऱ्या दिवशी गावात पोहोचली, तेव्हा शाखानायक रडला. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा चारचौघांत रडतो, हे आत्यानं तोवर पाहिलं नव्हतं.

कलापथकाचं कौतुक महाराष्ट्राला ठाऊक आहे. वसंत बापट, लीलाधर हेगडे, निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके, पुढे स्मिता पाटील अशी माणसं त्यात घडली. मला त्याहून मोलाची वाटते ती नाव न झालेल्या शेकडो पोरांची गोष्ट. आमच्या शाखेचा जमाखर्च चौदाव्या वर्षी आत्याच्या हाती आला. लेझमींची दुरुस्ती, शिबिराचे तांदूळ, रॉकेल, सगळं ती लिहायची. एकदा दोन आणे लागेनात तर मंडळी तासभर बसली, ते दोन आणे सापडेपर्यंत कुणी उठलं नाही. तिच्या बोलण्यात त्या वहीचा अभिमान शेवटपर्यंत होता. घरात तिला कुणी पै-पैशाचं विचारत नव्हतं, आणि इथं अख्ख्या शाखेनं तिच्यावर भरवसा टाकला होता.

11 डिसेंबर 1967. पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. कराडातल्या घरांची भांडी फळीवरून खाली आली. माझे धाकटे काका तेव्हा विशीत होते, गावच्या शाखेतल्या जुन्या-नव्या पोरांबरोबर मिळेल त्या ट्रकनं पाटणमार्गे कोयनानगरकडे निघाले. धरण उभं होतं, पण वसाहत जमीनदोस्त झाली होती. आसपासच्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या होत्या. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. डिसेंबरची थंडी, हादरे थांबत नव्हते, आणि लोक उघड्यावर शेकोट्या करून बसलेले.

काकांना मी विचारलं होतं, तुम्ही तिथं नक्की काय केलंत? त्यांनी सांगितलेलं काम अगदी साधं होतं. ढिगाऱ्यातून आधी धान्याच्या कणग्या मोकळ्या करायच्या, कारण वरून आलेली मदत संपली की लोकांना तेच खायचं होतं. मग मेलेली जनावरं पुरायची, मग पत्र्याच्या निवाऱ्यांसाठी खांब रोवायचे. "आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं," ते म्हणाले. "पण दहा पोरं रांगेत उभी राहिली की दगड हातोहात जातो, हे अंगात होतं. कुणाला पुढं ठेवायचं, कोण रक्त बघून हबकतो, हे आम्हाला एकमेकांचं माहीत होतं." पुढे 30 सप्टेंबर 1993च्या किल्लारीच्या भूकंपानंतर अनाथ झालेल्या मुलांसाठी नळदुर्गला 'आपलं घर' उभं राहिलं. पन्नालाल सुराणांसारखे सेवा दलाचे जुने सैनिक त्यामागे होते. काका तेव्हा थकले होते. पण ती बातमी त्यांनी मला पत्रानं कळवली.

एकमेकांचं माहीत असणं, ही या गोष्टीची किल्ली आहे असं माझं ठाम मत आहे.

राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, 37 विद्यापीठांत 40 हजार विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. तिनं या देशातल्या लाखो मुलांना पहिल्यांदा दुसऱ्याच्या गावात मुक्कामाला नेलं, आणि हे काम थोर आहे. वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240, आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. पण मी पाहिलं की तासांची नोंद जिथे कामाच्या पुढे धावते, तिथे मुलं प्रमाणपत्र मिळताच पांगतात. एका संस्थेत तर शिबिराचे खड्डे मजुरांनी आधी खणून ठेवलेले आणि मुलांनी फोटोपुरती कुदळ धरलेली मी पाहिली. मुलांना सगळं कळतं. त्यांचे हात फोटोसाठी हवे आहेत हे लक्षात आलं की ती पुन्हा येत नाहीत, आणि मग आपण म्हणतो, आजच्या पिढीला सेवेची आवड राहिली नाही.

याउलट एका शिबिरात आम्ही मुलींना एक वाडी नेमून दिली. कुणाला मोतीबिंदू आहे, कुणाला दवाखान्यापर्यंत चालवत नाही, याची घरोघर फिरून यादी करायची, आणि यादीतलं प्रत्येक माणूस तपासणीला पोहोचेपर्यंत पाठपुरावा करायचा. शिबिर सात दिवसांत संपलं. मुली त्यानंतरही रविवारी एसटीनं जात राहिल्या, कारण यादी अपुरी होती आणि ती यादी त्यांची होती.

ऑगस्ट 2019च्या महापुरात माझा भाचा कोल्हापुरात होता. पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, प्रयाग चिखली आणि आंबेवाडीसारखी गावं वेढली गेली. तो त्याच्या तालमीतल्या पोरांबरोबर कमरेभर पाण्यातून म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढत होता. त्या पोरांना समाजसेवक कुणी म्हटलं नव्हतं. ती रोज एकत्र फुटबॉल खेळत होती, गणपतीत एकत्र राबत होती, एकमेकांच्या घरी जेवत होती. हाक आली तेव्हा जमायचं कुठे, हे कुणाला विचारावं लागलं नाही. आत्या असती तर तिला त्यांची ओळख करून द्यावी लागली नसती.

पोरांना आपण संकटात बोलावतो, एरवी त्यांच्या गोंगाटाची तक्रार करतो. त्यांना जमायला मैदान ठेवत नाही, वाचनालयाच्या कार्यकारिणीत घेत नाही, मंडळाच्या पैशाला हात लावू देत नाही. सेवा दलाच्या वडीलधाऱ्यांनी तेरा वर्षांच्या मुलीला मैदान दिलं, चौदाव्या वर्षी हिशेब दिला आणि स्वतः बाजूला उभे राहिले. ते आजही करता येतं, त्याला पैसा लागत नाही. तुमच्या मंडळात, ग्रंथालयात, सोसायटीत सतरा-अठरा वर्षांचं एखादं पोर असेल, तर पुढच्या बैठकीत त्याला खुर्च्या मांडायला सांगू नका. त्याला जमाखर्चाची वही द्या.