अत्तराचा तळ

माझे आजोबा १९३० च्या दशकात लखनौला मॅरिस कॉलेजात गाणं शिकायला गेले. पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये सुरू झालेलं हे कॉलेज. गाणं पुढे नोकरीत विरलं. घरात उरली ती चौकातून आणलेल्या हिना अत्तराची काचेची कुपी. आईच्या लहानपणी हळदीकुंकवाला ती बाहेर निघायची, एरवी शालूच्या घडीत असायची. कधीच रिकामी झालेली ती कुपी घेऊन मी मागच्या हिवाळ्यात लखनौला गेले. निघताना शहाऐंशी वर्षांची आई म्हणाली, "मिळालं तर बघ. नाहीतर उगाच काहीतरी आणू नकोस."

परदेशी जाणारे माझे मित्र जुन्या वाइनरींचे फोटो पाठवतात. दगडी तळघर, लाकडी पिंपं, रासायनिक खतांवाचून वाढवलेली द्राक्षं. चौकात असं दाखवण्याजोगं काही नाही. गोल दरवाजापासून अकबरी दरवाजापर्यंत एक अरुंद रस्ता. त्यावर चिकनची दुकानं, कबाबाचा धूर, ठंडाई. मधेच दहा-बारा फुटांचं अत्तराचं दुकान, आत कपाटभर बाटल्या. पण वाइनवाल्यांनी ज्याचा अभिमान बाळगावा ते सगळं इथे होतं : माती, हंगाम, पाणी, घराण्यातून आलेलं नाक.

आसफउद्दौलाने १७७५ मध्ये अवधची राजधानी फैजाबादहून लखनौला आणली आणि दरबारामागे कारागीर आले. अत्तर मात्र त्याहून बरंच जुनं. 'आईन-ए-अकबरी'त सुगंधांच्या खात्यावर वेगळं प्रकरण आहे. गुलाबाचं अत्तर नूरजहाँने शोधलं असं आपण ऐकत आलो. खुद्द जहांगीर त्याचं श्रेय तिच्या आईला, अस्मत बेगमला देतो. सासूला श्रेय देणारा बादशहा विरळाच, म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवते. १८५६ मध्ये इंग्रजांनी वाजिद अली शाहला गादीवरून उतरवलं, तो कलकत्त्याला गेला. दरबार गेला तरी अत्तर राहिलं, कारण ते लग्नात, मैफलीत, ईदच्या कपड्यांत पोचलं होतं. आपल्याकडेही पानसुपारीबरोबर अत्तर-गुलाब आलंच.

चौकात अत्तर विकतात, मिसळतात; ते गाळण्याचं मोठं ठिकाण म्हणजे सव्वाशे किलोमीटरवरचं कनौज. तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी, झाकण मातीने लिंपलेलं, खाली लाकडाचा विस्तव. वाफ बांबूच्या नळीतून पाण्यात बुडवलेल्या दुसऱ्या भांड्यात जाते. त्या भांड्याचं नाव भपका. मराठीत दारूचा भपका येतो तो याच भांड्यातून आला असेल का, हे मला सुचलं आणि दुकानदारांना सांगता आलं नाही. दारू गाळणारा आणि अत्तर गाळणारा हे एकाच विद्येचे विद्यार्थी. फरक इतकाच की अत्तरवाल्याच्या भपक्यात आधीपासून काहीतरी थांबलेलं असतं : चंदनाचं तेल. फुलाची वाफ थंड होऊन त्यात उतरते, पाणी खाली बसतं, ते काढून टाकतात, आणि तेल वास धरून ठेवतं. पुन्हा नवी फुलं, पुन्हा तेच तेल. अशा कित्येक फेऱ्या.

दुकानदार सत्तरीचे होते. मी आजोबांची कुपी पुढे केली. त्यांनी बूच काढलं, डोळे मिटले, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हिना तो उड़ गया, बीबी. जो बचा है, संदल है."

हिना म्हणजे मेंदीच्या फुलांचं अत्तर, अशी माझी समजूत होती. ते हसले आणि एका परातीतलं सामान दाखवू लागले. जटामांसी, नागरमोथा, वेलदोडा, लवंग, जायफळ आणि छरीला. छरीला हातात घेतला तर आपलं दगडफूल! गोड्या मसाल्यातलं. नागरमोथा आणि जटामांसी तर आईच्या दिवाळीच्या उटण्यातली. परक्या गावची म्हणून जपलेली ही वस्तू आमच्याच मसाल्याच्या डब्यातून आणि न्हाणीघरातून निघाली होती.

आणि तिचा तळही दक्षिणेचाच. चंदन मुख्यतः म्हैसूरच्या रानातलं. १७९२ मध्ये टिपूने चंदनाला राजवृक्ष ठरवलं. पुढच्या राज्यकर्त्यांनी तो हक्क सोडला नाही. पहिल्या महायुद्धामुळे लाकूड युरोपला जाणं अडलं, तेव्हा १९१६ मध्ये म्हैसूर संस्थानाने बंगळुरात स्वतःचा तेलाचा कारखाना काढला. कर्नाटकात थेट २००१ पर्यंत शेतकऱ्याच्या बांधावरचं चंदनही सरकारचंच होतं. असं झाड कोण लावणार? चोरणारे मात्र भरपूर निघाले. रान ओसरलं, तेलाचे भाव चढले, आणि भपक्यात चंदनाऐवजी लिक्विड पॅराफिन आलं. फूल तेच, देग तीच, विस्तव तोच. तळ बदलला.

बाटल्यांवरच्या 'शंभर टक्के नैसर्गिक' या चिठ्ठ्यांकडे बघताना म्हणूनच मला आता फुलाची चौकशी करावीशी वाटत नाही. फूल बहुतेक खरंच असतं.

त्यांनी माझ्या एका मनगटावर पॅराफिनवरचा हिना लावला, दुसऱ्यावर चंदनावरचा. पहिला लगेच बोलू लागला, दुकानभर. दुसरा गप्प. मी साशंक. "ठहरिए," ते म्हणाले, "चाय पीजिए." चहा संपेपर्यंत पहिल्या मनगटावर तेलकट गोडवा उरला होता आणि दुसऱ्यावर मसाला उघडत होता, खाली ओल्या सहाणेचा वास. किंमत ऐकून मी तोळ्याचा विचार सोडला आणि तीन ग्रॅम घेतलं. उरलेल्या पैशांत पॅराफिनवरचं मोठी बाटलीभर आलं असतं, हेही त्यांनी न लपवता सांगितलं. आजोबांच्या कुपीत नवं भरून द्यायला मात्र त्यांनी नकार दिला. म्हणाले, यातलं संदल माझ्याकडच्यापेक्षा चांगलं आहे, ते कशाला बिघडवता.

घरी आईने कापसाचा फाया कानात ठेवला आणि काही वास येत नाही म्हणाली. मी काही बोलले नाही. ती गहू निवडायला बसली. दिवेलागणीच्या सुमारास तिने आतून हाक मारून विचारलं, उटणं कुणी काढलंय का?