गाव हलवायचं की तिथेच राहायचं?

सिसिली बेटाच्या आग्नेय कोपऱ्यात नोटो आणि रागुसा ही दोन गावं आहेत. प्रत्येकासाठी एकेक दिवस पुरतो. मधाच्या रंगाचा दगड, बरोक शैलीतली चर्चेस, सगळं देखणं. पण बघताना आपण एक तारीख ध्यानात ठेवू : ११ जानेवारी १६९३. त्या दिवशीच्या भूकंपात या भागातली सुमारे ६० हजार माणसं गेली, असा अंदाज आहे.

वाचलेल्यांपुढे प्रश्न होता, पडलेल्या घराच्या जागीच घर बांधायचं की गावच हलवायचं? नोटो हलवलं. डोंगरमाथा सोडून सुमारे ८ किलोमीटरवर सरळ रस्त्यांचं नवं शहर आखलं. गावकऱ्यांत त्यावरून वर्षानुवर्षं भांडणं झाली. रागुसात तर गावच दुभंगलं. काहींनी वरच्या पठारावर नवी वस्ती केली. बाकीच्यांनी खाली जुन्या जागीच इब्ला पुन्हा उभारलं. वर सान जोव्हान्नीचं चर्च, खाली सान जॉर्जोचं. पुढे नगरपालिकाही दोन झाल्या, त्या १९२६ मध्ये एकत्र आल्या.

२००२ मध्ये युनेस्कोने या परिसरातली आठ शहरं जागतिक वारसा ठरवली. तेव्हा आपण काय करावं? सकाळी आधी जुन्या नोटोला जावं. तिथे वेशीचा दरवाजा, तटबंदीचे अवशेष आणि झुडपं आहेत. मग दुपारी नव्या नोटोत उतरावं. उलट क्रमाने गेलो तर फक्त सुंदर शहर दिसतं. या क्रमाने गेलो, तर ते उभारताना लोकांनी काय मागे सोडलं, तेही कळतं.